विकी आपलाच आहे

मंजुळा : जाळं ठेवा बाजूला तुळशीकाका, आधी माझं ऐका. माझी अक्षता यापुढं शूटिंगला जाणार नाही.

तुळशीदास : मग नको पाठवू. त्यासाठी माझ्या, गावच्या पाटलाच्या ओटीवर कशाला आलीस? आणि ही अंगणवाडीची बाई कशाला बरोबर?

मंजुळा : निधीताईंना मीच आणलंय.

तुळशीदास : मालाडवरून सकाळी येते, दुपारी जाते. हिला आपल्या कोळीवाड्यातलं काय कळतंय?

निधी : मी नंतर बोलते काका. आधी त्यांना बोलू द्या.

मंजुळा : बंगल्यावर सिरियलचं शूटिंग आहे ना, गर्दीत उभी करायला आपली पोरं लागतात. नेतो कोण? तुमचा पुतण्या.

तुळशीदास : विकी नेतो म्हणून तर बिनघोर पाठवता. काय झालं? युनिटवाला कोण वेडंवाकडं बोलला का पोरीला? नाव सांग, आत्ता गेटवर जातो.

मंजुळा : हेच! आम्ही पण हेच करत बसलो. लाइटवाल्यावर नजर, ड्रायव्हरवर नजर, वॉचमनवर नजर. विकी आपलाच आहे म्हणून त्याच्याकडं बघितलंच नाही कोणी.

तुळशीदास : तोंड सांभाळून बोल, मंजुळा.

मंजुळा : तो अक्षताला बंगल्याच्या वरच्या खोलीत नेतो. एकटीला. हातात मोबाइल देतो, गेम खेळ म्हणतो. आणि खाली येताना सांगतो, घरी सांगायचं नाही.

तुळशीदास : मोबाइल दिला म्हणून काय फाशी देतेस त्याला? आई ओरडेल म्हणून बोलला असेल.

मंजुळा : मग त्याच्या बाइकचा आवाज आला की पोर मोरीत जाऊन कडी का लावते? काल जेवली नाही. मी जवळ घेतलं तर अंग चोरते हो, माझ्यापासून! नऊ वर्षांची पोर आहे काका.

तुळशीदास : होडी लावण्यावरून तुझ्या नवऱ्याचं आणि विकीचं वाजलंय, सगळ्या बंदराला माहितीय. हे तुला कोणी शिकवलं? नवऱ्याने, की ह्या बाईने?

मंजुळा : शी! पोटच्या पोरीच्या नावावर भांडण काढीन मी? लग्न होऊन आले तेव्हापासून बघताय मला, आणि असं बोलवतं तुम्हाला?

निधी : काका, अक्षता माझ्या अंगणवाडीत वाढलीय, म्हणून माझ्याशी एवढं तरी बोलली. मी खोदून विचारलं नाही. पोरं घाबरतात. १०९८ला, पोरांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला की ते काम शिकलेली माणसं येतील, ती नीट विचारतील. पोलीसही येतील.

तुळशीदास : पोलीस नको. विकीला बोलावतो, चार माणसांत बसवतो, कान उपटतो. गावातलं गावात मिटवू.

निधी : तो सावध होईल आणि पोरीला आणखी दम देईल. मला कळलंय ना, आता मला गप्प बसताच येत नाही. कायदा आहे तसा.

तुळशीदास : मग करा की! माझ्याकडं कशाला आलात?

मंजुळा : कारण उद्या सगळा कोळीवाडा मला खोटी पाडेल. पाटील माझ्या बाजूने नसला तर दुसरी कुठली आई तोंड उघडणार आहे? आम्ही बायकांनी ठरवलंय, यापुढं पोरं जातील तिथं आमची एक बाई बरोबर जाईल, पाळी लावून. पण झालं त्याचं काय करू मी?

तुळशीदास : आणखी कोणाची पोर जाते वर?

निधी : अक्षता म्हणाली, माझ्या आधी दुसरी जायची. नाव नाही सांगितलं.

(तुळशीदास उठतो, दारातून घरात डोकावतो आणि परत येऊन बसतो.)

तुळशीदास : माझी नात, समीक्षा. दिवाळीपर्यंत उड्या मारत जायची शूटिंगला. मग एकदम नाही म्हणाली. रोज माझ्या कुशीत गोष्ट ऐकत झोपायची, ते पण बंद केलं. मी म्हटलं, पोर मोठी झाली.

मंजुळा : काका…

तुळशीदास : मला वाटलं मोठी झाली गो!

निधी : तसंच असेल असं नाही काका. तिलाही तेच विचारतील, हळूच. फोन लावू ना?

तुळशीदास : लाव. इथंच बसून लाव.

निधी : ते त्याचं नाव विचारतील.

तुळशीदास : सांग की. आडनावासकट सांग.