आईसाठी फोन

मोबाइलच्या दुकानात माझ्यापुढे शिवणकाम करणारी एक बाई आणि तिचा तिशीतला मुलगा उभे होते.

"दादा, आईसाठी फोन दाखवा. स्वस्तातला, पण गेम अडकायला नको."

"मावशी, तुम्ही गेम खेळता?"

"मी कशाला खेळू? मशीनच्या खडखडाटात गिऱ्हाइकाचा फोन ऐकू आला म्हणजे झालं."

"आई, तुला यातलं कळत नाही. दादा, सेल्फी चांगला यायला हवा."

"माझं तोंड मला आरशात दिसतं रे."

"आणि काळाच द्या. गुलाबी हातात शोभत नाही."

"कोणाच्या हातात?"

"कोणाच्याही!"

"मावशी, आत्ताचा फोन कुठला आहे?"

"हा बघा, काच तडकलेला. हा याचा जुना. मागच्या वेळीही माझ्यासाठीच नवा घेतला होता, तो याच्या खिशात गेला."

"तूच म्हणालीस ना, मला नको?"

"मी म्हणाले, मला बघू तरी दे."

"बरं मावशी, मग कसला दाखवू?"

"आवाज मोठा हवा, चार्जिंग दिवसभर टिकायला हवं, आणि चारचौघांत बाहेर काढायची याला लाज वाटायला हवी. गुलाबी आहे ना तुमच्याकडे?"