कागदावरचं नाव

ऊसवाले नानासो साखर तपासून घ्यायला सांगलीच्या दवाखान्यात सकाळपासून ताटकळत बसले होते. शेजारी जतकडचा मेंढपाळ धनाजी आणि त्याची बायको पल्लवी येऊन टेकली. रिपोर्टचा लखोटा तिच्या मांडीवर होता.

"दोष माझ्यात न्हाई, तुमच्यात हाय म्हनं. आता घरी काय सांगायचं?"

"तुझ्यातच हाय म्हनून सांग."

"आवं, कागदावर तुमचं नाव हाय."

"आईला कुठं वाचता येतंय?"

"सात वर्सं बोलनी खाल्ली मी. तवा तुमाला ठावं नव्हतं. आता ठावं हाय."

"हळू बोल, मानसं बसल्यात."

"मेंढ्या गाभण ऱ्हायल्या न्हाईत तर तुमी मेंढा बदलता. मेंढीला कोन बोल लावतं का?"

"पल्लवे, बागायतदारांची पोरं आदीच मला मेंढरू म्हनत्यात. ह्ये कळल्यावर गावात तोंड कुठं दाखवू?"

"गोळ्या तरी खाशिला न्हवं?"

"खातो. पर चिठ्ठी तुझ्या नावानं लिवून घे."

तेवढ्यात आतून हाक आली, "धनाजी कोळेकर!"

धनाजी मान खाली घालून बसूनच राहिला. पल्लवी उठली. नानासोंनी पाय आखडून तिला वाट दिली.

ती आत गेल्यावर धनाजीनं नानासोंना विचारलं, "आजोबा, तुमाला पोरं किती?"

"न्हाईत रं. दोन लग्नं केली."

"तपासनी केली न्हाई व्हय?"

नानासोंची नजर फरशीवरून हलली नाही.

"केली की. दोघींचीबी केली."