पाच नंबरच्या रायफलचा बोल्ट

आदरणीय अध्यक्ष ॲडव्होकेट जोतिरामदादा कोळेकर, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या रायफल क्लबचे सव्वीस वर्षांचे सचिव व मुख्य प्रशिक्षक माननीय शहाजीराव वाघचवरे सर, वहिनीसाहेब, आजी-माजी नेमबाज, पालक, आणि खुर्च्या न मिळाल्यामुळं मागच्या दारापाशी उभे असलेले माझे सहकारी, सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव रेवणप्पा बिराजदार. आधी कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो, गेली अकरा वर्षं क्लबच्या बंदुकांची देखभाल करतो. पत्रिकेत ‘कर्मचाऱ्यांच्या वतीने दोन शब्द’ असं छापलंय, ते दोन शब्द माझ्या वाट्याला आले. सर काल म्हणाले, रेवणप्पा, गोड बोल आणि थोडं बोल. सर, दोन्हीपैकी एकच जमेल.

माझ्या आधी पाच जण बोलले. सरांची शिस्त झाली, त्याग झाला, शेवटच्या वक्त्यांनी तर सरांची नजर घारीची आहे असं सांगितलं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. घारीचं सगळं लक्ष आपल्या पिल्लावर असतं, हे मात्र ते सांगायचे राहिले. ते मी सांगतो. दादा, घड्याळ दाखवू नका, मला दिसतंय.

आपल्याकडं खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. क्लबमध्ये पॉइंट टू टूच्या आठ रायफली. कार्यक्रमाला गर्दी असते, म्हणून आधी सगळ्या बंदुकांचे बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारे सरकते दांडे, काढून ठेवायचे, हा सरांचाच नियम आणि तो चांगला आहे. ते आठ बोल्ट एका परातीत मांडायचे, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. गेल्या वर्षीही असंच झालं. आरती झाली आणि प्रमुख पाहुण्यांना रायफल हातात धरून फोटो काढायची घाई झाली. मी म्हणालो, सर, बोल्टवर नंबर आहेत पण ते कुंकवानं भरलेत, पुसून जुळवून घेतो, दहा मिनिटं द्या. सर पाहुण्यांसमोर हसले. म्हणाले, अरे, एकाच कंपनीचे आठ बोल्ट, कुठलाही कुठंही बसतो. आणि स्वतःच्या हातानं भराभर बसवून टाकले.

बसतो हो. बसतो हीच तर पंचाईत आहे.

इथं बऱ्याच जणांनी बंदूक हातात धरलेली नाही, म्हणून सोपं करून सांगतो. या काडतुसाच्या बुडाला बारीक काठ असतो. बोल्ट बंद केला की बोल्टचं तोंड आणि नळीचं तोंड यांच्यामध्ये त्या काठापुरती जागा उरते, तिला आम्ही हेडस्पेस म्हणतो. ती जागा जास्त झाली की काडतूस आत हलतं, बोल्टमधल्या पिनेचा ठोका कधी पुरा बसतो, कधी अर्धा. मग एक गोळी जोरात जाते, दुसरी मंद. पन्नास मीटरवर एक वर लागते, एक खाली. त्या जागेतला फरक किती असतो? वहिनीसाहेबांच्या पदराच्या कापडाच्या जाडीएवढा. प्रत्येक बंदुकीचा बोल्ट तिच्या नळीशी मोजून बसवलेला असतो, म्हणून तर नंबर टाकतात.

पाच नंबरची रायफल तीन वर्षं राजनंदिनी गडदे चालवत होती. सांगोला तालुक्यातली, मेंढपाळाची मुलगी, दर शनिवारी पहाटेच्या एसटीनं यायची. तिच्या दहा गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा पडायच्या. नवमीनंतर त्याच मुलीच्या गोळ्या बोटभर लांबीच्या उभ्या रेघेत पडू लागल्या. उभ्या, सर. हात हलला असता तर त्या आडव्यातिडव्या गेल्या असत्या. सव्वीस वर्षं तुम्ही कागद बघताय, हे तुम्हाला मी सांगायचं का?

आणि दोन नंबरची रायफल कुणाकडं होती? इंद्रजीतकडं. इंद्रजीत सरांचा पुतण्या, पोरगा साधा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला पाच नंबरचा बोल्ट गेला. तो जरा घट्ट बसायचा, त्यामुळं त्याच्या गोळ्या उलट जमून पडायला लागल्या. त्यानं एकदाच म्हटलं, काका, बोल्ट जड लागतोय, तर त्याच संध्याकाळी मला घरून बोलावून तेल घालायला लावलं. राजनंदिनी तीन आठवडे म्हणत होती, सर, बंदुकीत काहीतरी आहे. मी रायफल उघडायला गेलो तर सरांनी हात धरला. माणसाचा दोष बंदुकीवर ढकलायची सवय लावू नकोस म्हणाले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी आत्ता फार सभ्य भाषेत बोलतोय, याची नोंद घ्यावी.

डिसेंबरात निवड झाली. इंद्रजीत राज्य स्पर्धेला गेला, राजनंदिनी घरी गेली. नुसती घरी गेली असती तरी मी एक वेळ गप्प बसलो असतो. पण सरांनी राज्य संघटनेला पत्र लिहिलं: ट्रिगरवर ताबा नाही, मन अस्थिर, पुढील प्रशिक्षणास अयोग्य. सहीशिक्क्यानिशी. ते पत्र फायलीत असेपर्यंत दुसरा कुठलाही क्लब तिला दारात उभं करत नाही. दोन ठिकाणी ती जाऊन आली.

मग तिचे वडील आले, धुळाप्पा गडदे. खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. ऑफिसात सरांनी त्यांना बसा म्हटलं नाही. धुळाप्पा उभ्यानंच म्हणाले, “सायेब, कळपात लांडगं शिरलं तवा हिनं गोफण फिरवली, तवा बी हिचा हात हालला न्हाय. तुमी म्हणताय हात हालतोय. आसंल. पर बंदूक कुणी बगितली का?”

सर म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

मी दारात उभा होतो. धुळाप्पांनी सरांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. पण त्या दिवशी कुलूप लागायच्या आत मी पाच नंबर उघडली. बोल्टवरचं वाळलेलं कुंकू रॉकेलनं धुतलं, खाली नंबर निघाला दोन. जागा मोजली. एक मिलिमीटर आणि वर दहा शतांशाच्या आसपास हवी, ती निघाली एक आणि वर सव्वीस. दोन्ही बोल्ट आपापल्या जागी नेले. पाचमध्ये जुन्या झिजेमुळं थोडी ढिलाई तरीही होती, तिथं पितळेची पातळ चकती घातली, पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून दहा गोळ्या मारल्या. कागदावर एकच भोक पडलं, जरा फाटलेलं. अंगण खरंच वाकडं होतं, सर.

तो कागद घेऊन मी सरांकडं गेलो. सरांनी बराच वेळ पाहिला. त्यांना कळलं होतं, लगेच कळलं होतं, तेवढी अक्कल त्यांना निश्चित आहे. म्हणाले, “रेवणप्पा, निवड होऊन गेली. आता उकरून काय मिळणार? बोल्ट मी बसवले हे गावाला सांगू? तुला नोकरी करायची आहे ना?” कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

हे सांगायला सरांना निरोप द्यायचाच दिवस का निवडला, असं काहींच्या मनात येईल. तिसऱ्या रांगेतले दोघे तर मला खाली ओढायच्या बेतात दिसतात. बसा हो, बंदुका कुलपात आहेत. पुढच्या महिन्यात पुन्हा निवड चाचणी आहे. ते पत्र मागं घ्यायचं तर ज्यानं लिहिलं त्याच सचिवाची सही लागते, संघटनेत मी दोनदा विचारून आलोय. आणि सर आज सहा वाजेपर्यंतच सचिव आहेत. उद्या सकाळी ते नुसते शहाजीराव. आत्ता पाच वाजायला वीस मिनिटं आहेत. राजनंदिनी चिंचोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, आज रजा टाकून आली आहे. ती आणि धुळाप्पा शेवटच्या रांगेत बसलेत. त्यांना निमंत्रण सरांनी दिलं नव्हतं, मी दिलं.

चार ओळींचं पत्र मी टाइप करून आणलंय. त्यात सरांची निंदा नाही. रायफल सदोष होती, नेमबाज निर्दोष होती, एवढंच आहे. अध्यक्षांच्या हातात शाल आहे, ती त्यांनी पाच मिनिटं धरून ठेवावी ही नम्र विनंती. सर, पत्र तुमच्यापुढं ठेवतोय. सव्वीस वर्षांत तुम्ही पुष्कळ पोरं घडवली, ते खोटं नाही. या एका पोरीला मोडून जाऊ नका.

सभागृहाचे आभार, ध्वनिक्षेपकवाल्यांचे विशेष आभार, त्यांना माइक बंद करायची खूण दोनदा झाली तरी त्यांनी तो चालू ठेवला.

माझ्या बोलण्यात उणंअधिक झालं असेल, कुणाचा मान राहिला नसेल, तर त्याची माफी मी मागत नाही. माफी मागायची आहे ती निराळी. राजनंदिनी बाई, तुझा हात हलत नव्हता, हे मला जानेवारीपासून माहीत होतं. नोकरीच्या भीतीनं मी दहा महिने गप्प बसलो. सरांनी सही केली किंवा नाही केली, तरी माझी चूक तेवढीच राहते. तुझ्या बापासमोर आणि या सगळ्यांसमोर सांगतो, मला माफ कर. नाही केलंस तरी तुझं बरोबर आहे.