आई-बाबांच्या मधली सीट

सिनेमाचं परीक्षण वाचून मी एकदा कसा फसलो, ऐका. बाबा रिटायर झाले त्या वर्षी मी आई-बाबांना मुलुंडला एक विनोदी प्रेमकथा दाखवायला नेलं. पेपरात लिहिलं होतं, 'कथेत दम नाही, पण सहकुटुंब बघण्यासारखा.' तेवढ्यावर मी तिकिटं काढली आणि सवयीने दोघांच्या मधे बसलो.

दहाव्या मिनिटाला हिरोने लिफ्टमध्ये हिरॉइनचं चुंबन घेतलं. आणि लिफ्ट काही थांबेना! मी पॉपकॉर्नमध्ये तोंड खुपसलं. आई उगाच पर्सची चेन उघडझाक करायला लागली. तेवढ्यात बाबा ताडकन उठले. म्हटलं, वाट लागली.

"ऊठ," बाबा म्हणाले.

"सॉरी बाबा, निघूया."

"निघूया काय? तू माझ्या जागेवर जा. मला तिथे बसू दे."

ते आईला खेटून बसले. आई कुजबुजली, "अहो, पोरगा बघतोय!"

"बघू दे. लग्नानंतर पहिल्या सिनेमाला मधे माझी आई बसली होती. आता हा बसतोय. आपण दोघांनी शेजारी कधी बसायचं?"

आई इतकी हसली की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले.

बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा मी आईला विचारलं, "तो सिनेमा नक्की कसा होता गं?"

आई म्हणाली, "मला काय विचारतोस? मी सगळा वेळ ह्यांच्याकडेच बघत होते."