नागिणीची कात

—नाय नाय, उभे कसले राहताय, बसा हो बद्रुद्दीनभाई, ते स्टूल ओढा. सही काय पळून चाललीय? मॅडम पुण्याला मीटिंगला गेल्यात, चार वाजेपर्यंत या लॅबचा राजा मीच. पार्सलचं झाकण काढून बघतो आधी, तसा नियमच आहे — हां, बर्फ आहे. मुंबईहून निघाला तेव्हा डबा भरून असेल, आता तळाला चार खडे, पण आहे. चहा टाकतो. मे महिन्याच्या उन्हात मालेगावचा माणूस दारात यावा आणि कोरडाच परत जावा, छे! बावीस वर्षं शिपाई आहे इथं, पण कुरियरवाला टेकला, दोन शब्द बोलला, असं कधी नाय — बसतच नाय कुणी.

बर्फातल्या या बाटलीत काय आहे म्हणता? घाबरू नका, रोग नाय त्यात. नागीण माहितीये ना — अंगावर फोडांचा पट्टा उठतो, नुसती आग आग? ती विषाणूनं होते. कांजण्यांचाच तो, वर्षानुवर्षं अंगात दबा धरून बसतो. त्याच्या अंगावर एक प्रोटीन असतं. तेवढ्याचाच जीन दुसऱ्या पेशींत घालायचा आणि त्यांच्याकडून तेवढंच बनवून घ्यायचं. म्हणजे नागिणीची नुसती कात, विष नाय. ते ताटलीत लावून वर माणसाच्या रक्तातलं पाणी सोडलं, की त्या माणसाचं शरीर नागिणीशी किती झुंजलंय ते कळतं. पेठ-सुरगाण्याच्या चाळीस जणांचं रक्त सहा महिने फ्रीजरमध्ये याचीच वाट बघतंय. फक्त हे उबेला नासतं. नासलेलं वापरलं तर आकडे खोटे येतात. — मग ठेवा की आत, म्हणता? ठेवतो हो. चहा तर घ्या. सही झाली की तुम्ही चाललात.

आमची आई नागीण उतरवायची. निफाडकडं, पार लांबून लांबून लोक यायचे. गेरू उगाळायचा, मोरपिसानं पट्ट्याभोवती रेघ ओढायची — दोन तोंडं भिडली की माणूस गेला म्हणतात ना, म्हणून मधे कुंपण. रविवार, बुधवार, रविवार असे तीन वार, आणि तोवर डॉक्टरचं औषध घ्यायचं नाय. घेतलं तर तिचा हात बाटला. एक पैसा घेतला नाय म्हातारीनं कुणाचा. आणि बरी व्हायची हो माणसं! बऱ्याच जणांची ती आपोआपच उतरते, हे मला इथं आल्यावर कळलं.

ब्याण्णव साली आमच्या कुसाबाईला उठली. माझी बायको. इथं, डाव्या भुवईच्या वर. रविवारी आईनं पहिली रेघ ओढली. सोमवारी मी मॅडमना सहज विचारलं — बायकोचं नाय सांगितलं, शेजारीण म्हटलं. मॅडम म्हणाल्या, मोतीराम, डोळ्याजवळ आहे? मग आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, नाहीतर डोळा जाईल. घरी गेलो, तर आई ओट्यावर गेरू उगाळत बसलेली. सुनेसमोर आईला कसं सांगायचं, की तुझा हात थांबव म्हणून? म्हटलं, बुधवार होऊ दे. बुधवारी म्हटलं, आता रविवारच होऊ दे. रविवारी कुसा म्हणाली, अहो, या डोळ्यानं तुम्ही दिसत नाय.

भांडली असती तर लय बरं झालं असतं. एकदाच विचारलं तिनं — तुम्ही लॅबमध्ये असता, तुम्हाला ठाऊक होतं का? मी म्हटलं, होतं. वणीला भावाकडं निघून गेली. बारा वर्षं झाली. आई वारली तेव्हा आली, पाया पडली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. मी स्टँडपर्यंत सोबत चाललो. तिच्या डाव्या बाजूनं. मूर्ख मी — तिला दिसलोच नाय.

उठलात? अहो, अर्धा कप अजून — बरं, आणा ती पावती. ‘बर्फ होता, बर्फ नव्हता’, एकावर खूण करायची, हो ना? थांबा, बाटली काढतो — अरे! पाणी. सगळं पाणी झालंय. झाकण — झाकण मी काढलं आणि तसंच — कोमट लागतेय हो बाटली. काय म्हणता? ‘होता’वर खूण करा, बाटली आत ठेवा, मॅडमना काय कळतंय? नाय कळणार. होताच की बर्फ, खोटं कुठाय त्यात — नाय. नाय हो बद्रुद्दीनभाई. तुमच्यावर काही येणार नाय, ही बघा ‘होता’वर खूण. पण खाली लिहितो — ‘अर्धा तास झाकण उघडं मी ठेवलं. बाटली वापरू नये. मोतीराम.’ झालं. घ्या तुमची पावती. आणि निघा आता. मॅडमना आत्ताच फोन लावतो, चार वाजू द्यायचे नाहीत. — नको, थांबू नका. जा तुम्ही. दार ओढून घ्या.