शुक्रवारची हळद

धुळ्याच्या स्टँडवर शिंदखेड्याची बस काही येईना. रांगेत ज्योतीच्या पुढे एक आजी आणि तिची नात उभ्या होत्या. आजीच्या गळ्यात क्रूस होता, नातीच्या हातात मोबाईल. ज्योतीने मान वळवली नाही, पण कान तिकडेच होते.

"तुझ्या होणाऱ्या सासूने पाठवलेला तो लेख काय म्हणतो?"

"ख्रिस्ती लग्नात हळद नको म्हणतो. बायबलमध्ये नाही म्हणे."

"मग बायबलमा केक शे का?"

"आजी, हळू बोल."

"का म्हणून? माझ्या हळदीला पाळकसाहेबांनी आधी प्रार्थना केली होती. आज मोबाईलवर चार ओळी वाचल्या आणि हळद पाप झाली?"

"हळद लावली तर आम्ही लग्नाला येणार नाही, असं कळवलंय त्यांनी."

पिशवीतली हळकुंडं चाचपत आजी म्हणाली, "असं असेल तर राहू दे बाई. माझ्या हौसेपायी तुझं लग्न मोडायला नको."

"हौस तुझी एकटीची नाही, माझीपण आहे. शांतवनला सकाळीच फोन केला मी. म्हटलं, शुक्रवारी पाळक येतील, प्रार्थना होईल, मग मला हळद लागेल. तुझ्या आईला तू सांग."

"काय म्हणाला?"

"विचार करून सांगतो म्हणाला."

"मग?"

"म्हटलं, शुक्रवारी सकाळपर्यंत कर विचार. दुपारी हळद दळायची आहे."