पोटावरचा निळा वळ

शारजा, २००९. टोकन चौऱ्याऐंशी. कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाचा वास. एसीखाली शाल. हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी दोन मराठी बायका.

“निनाद कसा आहे, काकू?”

“काल पेज प्यायला. आज नर्सशी हुज्जत घालतोय.”

“म्हणजे बरा झाला तुमचा लेक!”

“सुनेमुळे, ऋतामुळे. गाडी आदळली, पण अंगावर साधा ओरखडा नाही. हा इमर्जन्सीत म्हणतो, यल्ला, घरी चला, उद्या ऑफिसला गेलो नाही तर काढूनच टाकतील.”

“या मंदीत सध्या सगळीकडे तेच चाललंय.”

“ऋतानं त्याचा शर्ट वर केला. पोटावर सीटबेल्टचा निळा वळ. म्हणाली, स्कॅन केल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

“मग?”

“आतड्याला रक्त नेणारी धमनी आतून फाटलेली! सर्जननं मांडीतली शीर काढून तिथं जोडली. म्हणाले, अजून तासभर गेला असता तर खलास.”

“सून डॉक्टर आहे?”

“छे, बँकेत आहे. पण माझ्या लेकापेक्षा हुशार. अल मजाजला आमच्या अख्ख्या टॉवरला सांगून आलेय.”

“नशीबवान आहात.”

“आहेच मुळी. त्या दिवशी गाडी तीच चालवत होती. तेवढं मात्र टॉवरला सांगितलं नाही.”